भिंतीवरचं साल

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले. डॉक्टरांनी सहा महिने धावपळ बंद सांगितलीय. काल त्यांनी शेडच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, सांभाळ. बस, एवढंच. सत्तावीस वर्षांचा धंदा एका शब्दात हवाली केला. मी सासू असते तर निदान तासभर भाषण दिलं असतं.

‘वच्छलाबाईचा येसूर’ म्हटलं की फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंत कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. भाजलेली धान्यं, धने, खोबरं, दगडफूल, मिरची. पाहुणे वाढले की उकळत्या पाण्यात दोन मुठी टाकायचा आणि आमटी वाढायला घ्यायची. लग्न असो नाहीतर जयंतीची पंगत, येसूर आमच्या सासूबाईंच्याच नावाचा लागतो.

माझ्या नवऱ्याचं, संघपालचं म्हणणं, हा एक सीझन बघू, मार्च ते मे. बायकोला नाही जमलं तर हर्सूलची शेड गोडाऊनला भाड्यानं देऊन टाकायची, गिऱ्हाईक तयारच आहे. आत्याबाई ऐकून गप्प बसल्या, म्हणजे त्यांनाही मान्य असावं. शेडवर अकरा बाया आहेत. त्यातल्या रूपाला मी सहज विचारलं, शेड बंद झाली तर काय करशील? ती म्हणाली, ताई, सणासुदीला असं बोलू नका. तिचा चेहरा उतरला आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

मी बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे. बघतेच कसं जमत नाही ते. ही वही त्यासाठीच आणलीय.

२२ जानेवारी, बुधवार

आज जुन्या फायली काढल्या आणि डोकंच फिरलं. मिरचीच्या खालोखाल सगळ्यात मोठा खर्च कशावर, तर भिंतींवर! जळगाव रोडला एकेचाळीस भिंती, दर साली नव्यानं रंगवायच्या. पिवळ्यावर लाल अक्षरं, ‘वच्छलाबाईचा येसूर’. पुन्हा ज्याची भिंत त्याच्या घरी वर्षभराचा येसूर फुकट.

जे नाव शेंबड्या पोराला पाठ आहे ते दर साली परत लिहायचं? सूर्य उगवला अशी दवंडी पिटण्यातलाच प्रकार.

नेमके दुपारी नूरमोहम्मद चाचा आले. भिंती तेच रंगवतात, पहिल्या वर्षापासून. पट्टी नाही, दोरी नाही, नुसत्या हातानं अशी रेघ मारतात की कंपास लाजेल. त्यांच्या कलेबद्दल माझं काही म्हणणं नाही. काम कधी सुरू करायचं, विचारायला आले होते. मी सांगितलं, चाचा, यंदा भिंती बंद. नाव सगळ्यांना माहीत आहे.

ते रागावले नाहीत. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बेटी, नाम सबको मालूम है, इसीच वास्ते तो रंगाते.”

म्हातारपणी माणूस कोड्यात बोलतो. मी हो हो म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून येताना टी.व्ही. सेंटर चौकात किराणा घेतला. दुकानदार एक कपड्यांची पावडर गळ्यात मारत होता, चांगली आहे, स्वस्त आहे म्हणून. नाव ओळखीचं होतं. लहानपणी टीव्हीवर सारखी जाहिरात यायची तिची, आता कित्येक वर्षांत दिसली नाही. कंपनी बुडाली की काय कोण जाणे, जुना माल खपवत असतील. मी नाही घेतली. आपली नेहमीचीच बरी, चार पैसे जास्त जाऊ देत.

भिंतींचे पैसे वाचले ते पॅकिंग मशीनला लावणार आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रोडनं जाऊन भिंती बघून आले. गेल्या सालचा रंग उडालाय, खपल्या निघाल्यात. अशा अवतारात आपलं नाव लोकांना दिसणं बरं नाही. रंगवायचं नाही तर निदान स्वच्छ तरी असावं, म्हणून दोन माणसं लावून सगळ्या एकेचाळीस भिंतींना पांढरा चुना मारायला सांगितला. चुना स्वस्तात होतो. कामाला हात घातला की असे मार्ग सुचतात.

नाव पुसायच्या आधी बघितलं, प्रत्येक भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात चाचांनी बारीक अक्षरात २०२४ लिहिलंय. सहीच्या जागी तारीख टाकायची हौस असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खोबऱ्याचा भाव ऐकून खाली बसायची वेळ आली. यंदा खोबरं निम्मं केलं आणि भाजकी डाळ वाढवली. दगडफूलही थोडं हात राखूनच. रंग तोच, वास जवळपास तोच. कुणाच्या बापाला कळायचं नाही. रूपा भट्टीजवळ काहीतरी पुटपुटली, पण मी विचारलं तेव्हा काही नाही म्हणाली.

आत्याबाईंना उगाच त्रास नको म्हणून सांगितलं नाही. घरात अजून गेल्या सालचाच डबा चालू आहे.

११ मार्च, मंगळवार

वीस दिवसांत लिहायला हात वळला नाही, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नाही. सीझन लागून दहा दिवस झाले. एव्हाना शेडच्या दारात दुकानदारांच्या गाड्या उभ्या राहतात म्हणे. यंदा गेल्या सालच्या निम्मीसुद्धा मागणी नाही. फोन केला की दुकानदार म्हणतात, बघू, बाया विचारतात पण घेत नाहीत. विचारतात काय, तर ‘हा यंदाचा हाय का?’ पाकिटावर तारीख छापलीय, वाचता येत नाही का! मी एकावर चिडले आणि फोन आपटला. नंतर वाईट वाटलं.

संघपालनं आज जेवताना गोडाऊनवाल्याचा विषय काढला. मी म्हटलं, मे उजाडू दे.

१८ मार्च, मंगळवार

आज घरात जे झालं ते लिहिलं नाही तर मला झोप येणार नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला भवन गावाहून भामाबाई आल्या, सोबत दोन बाया. भामाबाईंच्या घराची भिंत आपल्याकडं आहे. दारात चपला काढल्या, ओट्यावर बसल्या आणि पदर डोळ्याला लावून रडायलाच लागल्या. लई गुणाची बाई व्हती, आम्हाला कुणी कळवलंबी नाय, माती तरी दिली असती. मला वाटलं यांच्या घरी कुणी गेलं. मीही डोळे पुसले आणि पाणी आणायला आत गेले. परत येते तर आत्याबाई वॉकर टेकत टेकत बाहेर येऊन उभ्या.

भामाबाईंनी जी किंकाळी फोडली ती हर्सूलच्या तलावापर्यंत गेली असेल.

आत्याबाई शांतपणे खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “बरं झालं बाई. कोण कोण रडतंय ते जितेपणी बघून घेतलं.”

मग सगळ्या हसल्या, पुन्हा रडल्या, चहा झाला. तेव्हा कळलं, रोडच्या गावांत महिनाभर हेच चाललंय. बघता बघता सगळ्या भिंती पांढऱ्या झाल्या, नाव पुसलं, कुणी काही बोललं नाही. निम्मे म्हणतात वच्छलाबाई गेली. निम्मे म्हणतात यंदा येसूर बिघडला. भामाबाई म्हणाल्या, आम्ही आपलं चांगलं ते धरलं. मरण हे चांगलं, असं त्यांचं म्हणणं! म्हणजे बिघडलेला येसूर मरणापेक्षा वाईट.

त्या गेल्यावर मी आत्याबाईंसमोर मान खाली घालून बसले. भिंतींना चुना मारला हे त्यांना आजच कळलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, चाचाकडं जा.

२० मार्च, गुरुवार

शहाबाजारात चाचांच्या घरी गेले. रमजान चालू आहे, उपाशीपोटी बसून एका दुकानाची पाटी रंगवत होते. ऐन ईदच्या तोंडावर मी त्यांचं काम बंद केलं होतं, हे तिथं उंबऱ्यात उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्या बायकोनं, सगीराचाचींनी, मला आत नेऊन सरबत दिलं.

मी म्हटलं, चाचा, चुकलं माझं. उद्यापासूनच भिंती रंगवायला घ्या. ते म्हणाले, “ईद होने दे. रोज़े में मैं चख नइ सकता.”

रंगवायला चाखायचं काय असतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अलीकडं मी विचारायच्या आधी जरा थांबते. ईद झाली की आधी आळंदजवळच्या भिंतवाल्या पारूबाईंकडं जायचं, असं त्यांनी ठरवलं.

२९ मार्च, शनिवार

संघपाल क्रिकेट बघत होता. दर ओव्हरनंतर तोच चहा, तोच साबण, तीच गाडी. एरवी मी टीव्हीच बंद केला असता. आज नीट बघितलं. हा साबण माझ्या आजीच्या मोरीत होता. मी त्याला विसरणार आहे का? मग एवढे पैसे ओतून तो मला काय सांगतोय? मला वाटतं, तो नाव सांगत नाही. तो सांगतोय की मी अजून आहे, तुझ्या तोंडासमोर आहे, पळून गेलेलो नाही. भामाबाईंनी माझी झोप उडवली नसती तर हे मला सुचलं नसतं. मोठ्या कंपन्यांना मी आजवर उधळ्या समजत होते. आता जरा आदर वाटायला लागलाय.

संघपालला सांगितलं तर म्हणाला, सरक, विकेट पडली.

२ एप्रिल, बुधवार

चाचांबरोबर पारूबाईंकडं जाऊन आले.

पारूबाईंचं घर फाट्यावर, भिंत थेट बस थांब्यासमोर. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया बाजाराला जाताना तिथंच उभ्या राहतात. बाई सत्तरीच्या, काटक, नजर अशी की आपण शाळेत उशिरा आलोय असं वाटावं. जय भीम घातला, पाया पडले, आणि भिंतीवर नाव परत लिहितो म्हणाले. नाव पुसलं गेल्यामुळं लोकांचा गैरसमज झाला, असंही सांगितलं.

त्या म्हणाल्या, “नाव तुम्ही वाचत असाल, बाई. आम्ही साल वाचतो.”

आणि मग मला सगळं कळलं. सत्तावीस वर्षं दर साली नवा येसूर झाला की आत्याबाई आणि चाचा एकेका भिंतीच्या घरी जातात. घरची बाई त्यांच्यासमोर त्या येसराची आमटी करते. ती खाते, चाचा खातात, आत्याबाई खातात. बाईनं मान हलवली तरच चाचा ब्रश काढतात, आणि शेवटी कोपऱ्यात साल टाकतात. बस थांब्यावरच्या बाया तो कोपरा बघतात. यंदाचं साल असलं म्हणजे यंदाचा पारूनं खाल्लाय. पाकिटावरची तारीख मशीन छापतं. हे साल पारूबाईंच्या जिभेवरून आलेलं असतं. मी चाचांची हौस समजून त्यावर चुना फासला!

मी म्हटलं, मावशी, मग आत्ताच करा की आमटी. मोठ्या ऐटीत पाकीट काढून दिलं.

त्यांनी केली. मला वाढली, चाचांना वाढली, स्वतः वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली.

“खोबरं कुठं हाय यात?”

चाचांनी आपली वाटी सगळी संपवली, वाटी धुऊन पालथी घातली आणि ब्रशाची पिशवी उचलली. येताना मला वाटलं, टेम्पोतून रस्त्यात उडी मारावी.

३ एप्रिल, गुरुवार

आत्याबाईंना सगळं सांगितलं. खोबरं, डाळ, दगडफूल, सगळं. त्यांनी चिमूटभर येसूर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं भिंतींचं? त्या म्हणाल्या, तू ऐकणाऱ्यातली आहेस का? ते खरंच आहे.

मग आपणहून बोलल्या. “तुला वाटतं मला कधी खोबरं कमी करावं वाटलं नाय? दर साली वाटायचं. भाव कानावर आला की वाटायचंच. पण मग आठवायचं, पारूच्या चुलीम्होरं बसून खायचंय.”

सत्तावीस वर्षं या बाईनं स्वतःच्या नावावर असा पहारा बसवला, त्याचा खर्च दर साली स्वतः भरला, आणि घरात कधी बढाई मारली नाही. मी त्या खर्चाला उधळपट्टी म्हणून लाल पेनानं गोल केला होता. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. बसलेच. म्हणाल्या, गुडघ्याला धक्का लावू नको.

४ एप्रिल, शुक्रवार

ठरलं. दुकानांत गेलेला सगळा माल परत आणायचा. ज्यांनी घरी नेलाय त्यांनाही दुकानातून बदलून द्यायचा. संघपाल म्हणाला, वेड लागलंय का, सीझन अर्धा संपला, परत आणशील तर शेड हमखास जाईल. मी म्हटलं, नाही आणला तरी जाईलच, फक्त हळूहळू जाईल. तो भडकून कामावर गेला. आत्याबाईंनी डबा उघडून मला स्वतःच्या हातानं लाडू दिला.

शेडवर बायांना सांगितलं. रूपा म्हणाली, मी तेव्हाच म्हणणार होते ताई, पण तुम्ही मालकीण. मी म्हटलं, इथून पुढं म्हणत जा. पगाराचं कुणी विचारलंसुद्धा नाही, आधी खोबरं फोडायला बसल्या.

१३ एप्रिल, रविवार

आठ दिवस टेम्पोत. दुकानोदुकानी उतरायचं, हात जोडायचे, सांगायचं की यंदाच्या मालात आमच्याकडून खोबरं कमी पडलं, बदलून देते. एकानं सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. सिल्लोडच्या एका दुकानदारानं मात्र खुर्ची दिली आणि म्हणाला, असं सांगायला आजवर कोणी आलं नाही. लोक चांगले आहेत. मला मेलीलाच अक्कल उशिरा आली.

उद्या जयंती. हर्सूलच्या पंगतीला नव्या घाण्याचा येसूर गेलाय.

२४ एप्रिल, गुरुवार

गेले आठ दिवस चाचांबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरोघरी फिरले. रोज पाच-सहा घरी आमटी, पोट फुटायची वेळ आली, पण चाळीस घरच्या चाळीस जणींनी मान हलवली. चाचांचा पुतण्या मुनीबही मदतीला आला, म्हणून एवढं जमलं. पिवळं, त्यावर लाल, आणि शेवटी चाचा उकिडवे बसून कोपऱ्यात २०२५ लिहितात तेव्हा घरची बाई शेजारी उभी राहून बघते, जणू तिचीच सही चाललीय. भामाबाईंनी तर चाचांना आकडा जरा मोठा काढायला लावला.

पारूबाई शेवटी ठेवल्यात. मला भीती वाटते त्यांची.

२५ एप्रिल, शुक्रवार

पारूबाईंनी दोन वाट्या आमटी खाल्ली. तिसऱ्यांदा भाकरी कुस्करली. म्हणाल्या, हां, हा वच्छलाचा हाय. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चाचांनी रंगाचा डबा उघडला.

तर त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, चाचा. भिंत यंदा पांढरीच ऱ्हाऊ द्या.”

मी घाबरले. म्हटलं, मावशी, आता तर आवडला ना? मग का?

“आवडला. पण बाया रोज विचारतात, भिंत पांढरी का. मला सांगायचंय त्यांना.”

“काय सांगणार?”

“झालं ते. यंदा येसूर चुकला व्हता. मी नाय म्हणले. तर वच्छलाची सून गाडी घेऊन आली अन् इकलेला समदा माल परत घेऊन गेली.”

मी हात जोडले, गयावया केली. बाई ढिम्म. सगळ्या रस्त्यावर माझी चूक सांगत बसणार वर्षभर, बस थांब्यासमोर बसून! टेम्पोत मला रडू आवरेना आणि चाचा चौक्याच्या घाटापर्यंत हसत होते. इतका राग आला त्यांचा. घरी आत्याबाईंना सांगितलं, तर त्यांनी पारूबाई नेमकं काय म्हणाल्या ते मला दोनदा बोलायला लावलं आणि त्याही गुडघा धरून हसत सुटल्या. माझी फजिती झाली की या घरात सगळ्यांना आनंद होतो.

६ मे, मंगळवार

शेड राहिली! हे आधी लिहिते. संघपालनं स्वतः फोन करून गोडाऊनवाल्याला नाही सांगितलं आणि येताना अकरा बायांसाठी जिलेबी आणली. भट्टी दिवसभर चालू आहे, रूपानं आणखी दोन बाया मागितल्यात.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मागणी आळंद फाट्याच्या दुकानातून आहे, गेल्या सालच्या चौपट. आणि त्याच्या आसपासच्या अशा वस्त्यांवरून, जिथं आपली एकही भिंत नाही. त्या भागात यंदा लग्नं जास्त असावीत.

पण ती एक भिंत मनाला फार लागलीय. अख्ख्या रोडवर सगळ्यात मोक्याची जागा, आणि नेमकी तीच कोरी. पुढच्या साली सगळ्यात आधी पारूबाईंकडं जाणार आणि पाय धरून का होईना, तिथं नाव लिहून घेणार म्हणजे घेणारच. असं परत होऊन चालणार नाही.